सर्व्हलेट वापरतो तेच व्हेलॉसिटी इंजिन इतर क्लासना कसे मिळवून द्यावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वेब ॲप्लिकेशनमध्ये अपाची व्हेलॉसिटी या जावाच्या टेम्प्लेट इंजिनाची टेम्प्लेट्स आहेत आणि व्हेलॉसिटी टूल्समधल्या व्हेलॉसिटीव्ह्यूसर्व्हलेटमार्फत (सर्व्हलेट म्हणजे वेब रिक्वेस्टला उत्तर देणारा जावा क्लास) त्यांची पाने ब्राउझरला दिली जातात. पाने व्यवस्थित दिसतात. आता त्याच ॲप्लिकेशनमधून रोज रात्री ग्राहकांना पावतीची ईमेल पाठवायची आहे आणि तिचा मजकूर त्याच फोल्डरमधल्या एका टेम्प्लेटवरून तयार करायचा आहे. त्यासाठी एका साध्या जावा क्लासमधून व्हेलॉसिटी या क्लासची गेटटेम्प्लेट ही स्टॅटिक मेथड वापरली, तर टेम्प्लेट सापडत नसल्याचे एक्सेप्शन येते. टेम्प्लेटच्या फोल्डरचा पूर्ण पाथ सेटिंगमध्ये लिहिल्यावर टेम्प्लेट सापडले, परंतु मथळा आणि तळटीप छापणारे मॅक्रो (टेम्प्लेटमध्ये नावाने वापरायचे तयार तुकडे) मेलमध्ये जसेच्या तसे उमटले आणि मराठी मजकुराची अक्षरे बिघडली. सर्व्हलेट वापरतो तेच इंजिन या क्लासला कसे मिळवून द्यावे?

न सापडणारे टेम्प्लेट, न चालणारे मॅक्रो आणि बिघडलेली अक्षरे या तीन वेगवेगळ्या तक्रारी वाटत असल्या, तरी त्यांचे मूळ एकच आहे. तुमच्या ॲप्लिकेशनमध्ये व्हेलॉसिटीची दोन इंजिने चालू आहेत. एक सर्व्हलेटने सुरू केलेले, आणि दुसरे तुमच्या मेलच्या क्लासने, बहुधा नकळत, सुरू केलेले. पाथ लिहून पहिली तक्रार मिटवली तरी उरलेल्या दोन राहतात, कारण मेल अजूनही दुसऱ्याच इंजिनातून जात आहे. त्यामुळे दुसऱ्या इंजिनाची सेटिंग सुधारत बसण्यापेक्षा ते इंजिन काढून टाकणे हाच खरा उपाय आहे.

दोन इंजिने निर्माण होतात ती व्हेलॉसिटीच्या रचनेमुळे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत व्हेलॉसिटीचे एकच सामाईक इंजिन असे आणि ते व्हेलॉसिटी या क्लासच्या स्टॅटिक मेथड्समधून वापरले जाई. एकाच सर्व्हरवर अनेक ॲप्लिकेशन्स चालवणाऱ्यांना ते अडचणीचे होऊ लागले, म्हणून १.२ या आवृत्तीपासून व्हेलॉसिटीइंजिन हा वेगळा क्लास आला. त्याचा प्रत्येक ऑब्जेक्ट स्वतंत्र इंजिन असतो. जुना सिंगलटन, म्हणजे ते एकच सामाईक इंजिन, मात्र मागच्या कोडसाठी तसाच ठेवला गेला आणि २०१७ साली आलेल्या २.० या आवृत्तीतही तो आहे. व्हेलॉसिटी टूल्समधला सर्व्हलेट मात्र सिंगलटन वापरत नाही. सर्व्हलेट स्वतःचे व्हेलॉसिटीइंजिन बनवतो, त्याला सेटिंग देतो आणि सुरू करतो. म्हणजे तुम्ही स्टॅटिक मेथड वापरता, तेव्हा सर्व्हलेटच्या इंजिनाशी तिचा काहीही संबंध नसतो. नंतरच्या आवृत्त्यांत सिंगलटन सुरू केलेला नसेल, तर पहिल्या वापराच्या वेळी तो मूळ सेटिंगवर आपोआप सुरू होतो. त्यामुळे ‘इंजिन सुरूच केलेले नाही’ असा स्पष्ट इशारा मिळत नाही. मिळते ते टेम्प्लेट न सापडल्याचे एक्सेप्शन, आणि त्यावरून शोध भलत्या दिशेने सुरू होतो.

टेम्प्लेट का सापडत नाही, हे यावरून लक्षात येईल. सर्व्हलेटच्या इंजिनाला वेबॲपरिसोर्सलोडर हा टेम्प्लेट शोधून आणणारा लोडर जोडलेला असतो. इंजिन सुरू होण्यापूर्वी सर्व्हलेटकॉन्टेक्स्ट हा संपूर्ण वेब ॲप्लिकेशनची माहिती देणारा ऑब्जेक्ट त्या इंजिनात ॲप्लिकेशन ॲट्रिब्यूट म्हणून ठेवला जातो, लोडर तो उचलतो आणि ॲप्लिकेशनच्या मुळापासून टेम्प्लेट शोधतो. सिंगलटनला ना हा लोडर माहीत असतो ना सर्व्हलेटकॉन्टेक्स्ट. त्याचा मूळचा लोडर फाइल सिस्टिममध्ये शोधतो, आणि तोही प्रोसेस ज्या डिरेक्टरीतून सुरू झाली तिथून. टॉमकॅट हा वेब सर्व्हर हाताने सुरू केला तर ती डिरेक्टरी एक असते, ऑपरेटिंग सिस्टिमची सर्व्हिस म्हणून सुरू केला तर दुसरी. म्हणून स्वतःच्या संगणकावर चाललेला कोड सर्व्हरवर गेला की चालत नाही. तुम्ही १.७ किंवा त्याआधीची आवृत्ती वापरत असाल, तर त्या डिरेक्टरीत व्हेलॉसिटी.लॉग नावाची फाइल निर्माण झाली आहे का ते पाहा. तुम्ही लॉगची सेटिंग वेगळी दिलेली असूनही ती फाइल तिथे असेल, तर मूळ सेटिंगवरचे दुसरे इंजिन सुरू झाले असल्याचा तो ठोस पुरावा आहे. २.० पासून लॉगिंग एसएलएफ४जे या लायब्ररीमार्फत होते, त्यामुळे ही खूण आता मिळत नाही.

मॅक्रोचेही तसेच आहे. सामाईक मॅक्रोंची फाइल इंजिन सुरू होताना वाचली जाते आणि ते मॅक्रो त्या इंजिनापुरतेच राहतात. दुसऱ्या इंजिनाला ते ठाऊक नसतात, आणि ठाऊक नसलेल्या मॅक्रोला व्हेलॉसिटी चूक मानत नाही. हॅशचे चिन्ह, मॅक्रोचे नाव आणि कंस हा सगळा मजकूर समजून तो जसाच्या तसा छापते. ग्राहकाला गेलेल्या पावतीत हॅशपासून सुरू होणारे नाव दिसले, की टेम्प्लेट तपासण्याआधी इंजिन तपासावे.

अक्षरे बिघडण्याचा मुद्दा मराठीत काम करणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचा आहे, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो. २.० च्या आधीच्या व्हेलॉसिटीत टेम्प्लेट वाचण्याचे मूळ एन्कोडिंग आयएसओ-८८५९-१ हे होते, २.० पासून ते यूटीएफ-८ झाले. तुमच्या सर्व्हलेटच्या सेटिंगमध्ये कोणीतरी यूटीएफ-८ लिहून ठेवलेले आहे, म्हणून पाने नीट दिसतात. सिंगलटनला ती सेटिंग मिळालेली नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचे असते. ‘पावती’ या शब्दात प, काना, व, त आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत, म्हणजे पंधरा बाइट्स. आयएसओ-८८५९-१ प्रत्येक बाइटला एक अक्षर मानते, त्यामुळे त्या पाच चिन्हांची पंधरा अक्षरे होतात. त्यांतली पाच सारखीच असतात, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो. काही दिसतच नाहीत, कारण ती नियंत्रण चिन्हे असतात. एकच परकीय अक्षर दर दोन-तीन अक्षरांनी पुन्हा पुन्हा येत आहे असे दिसले, की बिघाड टेम्प्लेट वाचतानाचा आहे असे समजावे.

याच बिघाडाचा एक फसवा प्रकार असा, की पान बरोबर दिसते आणि तरीही चुकलेले असते. टेम्प्लेट आयएसओ-८८५९-१ म्हणून वाचले आणि उत्तरही आयएसओ-८८५९-१ म्हणूनच लिहिले, तर मूळचे बाइट्स जसेच्या तसे बाहेर पडतात आणि पानावर यूटीएफ-८ असा उल्लेख असेल तर ब्राउझर त्यांचे देवनागरी नीट दाखवतो. दोन चुकांनी एकमेकींना झाकलेले असते. मग डेटाबेसमधून ग्राहकाचे नाव येते. ते जावामध्ये खऱ्या देवनागरी अक्षरांत असते आणि आयएसओ-८८५९-१ मध्ये लिहिता येत नाही, म्हणून त्या प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. टेम्प्लेटमधला मजकूर उत्तम आणि डेटाबेसमधली नावे प्रश्नचिन्हांची, असे दिसले की अनेक जण डेटाबेसच्या मागे लागतात. डेटाबेसचा त्यात काही दोष नसतो. इंजिनाचे वाचण्याचे आणि सर्व्हलेटचे लिहिण्याचे एन्कोडिंग, ही दोन्ही आधी तपासावीत.

या तिन्ही गोष्टी निदान डोळ्यांना दिसतात. चुकीच्या इंजिनाचा खरा धोका न दिसणाऱ्या गोष्टींत आहे, आणि या उत्तरातला माझा सर्वांत आग्रहाचा मुद्दा हाच आहे. टेम्प्लेटमध्ये येणाऱ्या प्रत्येक मूल्यातली एचटीएमएल चिन्हे निष्प्रभ करण्यासाठी व्हेलॉसिटीत एस्केपएचटीएमएलरेफरन्स नावाचा इव्हेंट हँडलर आहे. तो इंजिनाच्या सेटिंगमध्ये जोडला जातो. टेम्प्लेटमधून जावाच्या अंतर्गत क्लासपर्यंत पोहोचता येऊ नये म्हणून सिक्युअरउबरस्पेक्टर आहे, तोही इंजिनाच्याच सेटिंगमध्ये. कोणीतरी विचार करून ही दोन कुलपे सर्व्हलेटच्या इंजिनाला लावलेली असतात, आणि तुमचा मेलचा क्लास मात्र कुलूप नसलेल्या इंजिनातून ग्राहकाने स्वतः भरलेले नाव, पत्ता आणि शेरा सरळ एचटीएमएल मेलमध्ये ओततो. कोणतेही एक्सेप्शन येत नाही, लॉगमध्ये काही दिसत नाही, आणि चाचणीतही सापडत नाही, कारण चाचणीत कोणी नावाच्या जागी स्क्रिप्ट लिहीत नाही. म्हणून योग्य इंजिन मिळवणे ही सोयीची बाब मानू नये. ती सुरक्षिततेची बाब आहे. (ओघात सांगतो: व्हेलॉसिटी इंजिनाच्या २.२ पर्यंतच्या आवृत्त्यांत टेम्प्लेट बदलू शकणाऱ्या माणसाला सर्व्हरवर हवा तो जावा कोड चालवता येण्याची त्रुटी होती आणि ती २.३ मध्ये दुरुस्त झाली. तुम्ही त्याआधीच्या आवृत्तीवर असाल, तर ती बदलण्याचे काम या कामासोबतच हाती घ्या.)

आता प्रत्यक्ष मार्ग. २०१० साली आलेल्या व्हेलॉसिटी टूल्स २.० पासून इंजिन सर्व्हलेटच्या पोटात राहत नाही. व्हेलॉसिटीव्ह्यू नावाचा एक ऑब्जेक्ट इंजिन, टूल्सची (टेम्प्लेटमध्ये वापरायच्या मदतनीस ऑब्जेक्ट्सची) यादी आणि सर्व सेटिंग सांभाळतो. सर्व्हलेट, फिल्टर आणि जेएसपीचा टॅग हे तिघेही त्याच्याकडून काम करून घेतात. हा ऑब्जेक्ट सर्व्हलेटकॉन्टेक्स्टमध्ये ॲट्रिब्यूट म्हणून ठेवलेला असतो आणि एका ॲप्लिकेशनमध्ये सर्वांनी तोच वापरावा अशी मूळ योजना आहे. तो मिळवण्यासाठी सर्व्हलेटयूटिल्स या क्लासमध्ये गेटव्हेलॉसिटीव्ह्यू ही मेथड आहे. तिला सर्व्हलेटकॉन्फिग, फिल्टरकॉन्फिग किंवा सर्व्हलेटकॉन्टेक्स्ट यांपैकी जे हाताशी असेल ते द्यावे. मिळालेल्या व्हेलॉसिटीव्ह्यूवर गेटव्हेलॉसिटीइंजिन ही मेथड वापरली, की सर्व्हलेट वापरतो तेच इंजिन हाती येते. ॲट्रिब्यूटचे नाव स्वतः लिहून तो ऑब्जेक्ट काढण्याचा मार्गही आहे, परंतु आवृत्ती बदलली की असा कोड आधी तुटतो. म्हणून मेथडच वापरावी.

तुम्ही व्हेलॉसिटीव्ह्यूसर्व्हलेटचा स्वतःचा उपवर्ग लिहिला असेल, तर काम आणखी सोपे आहे. इनिट मेथडमध्ये आधी मूळ क्लासची इनिट चालवावी आणि मग त्याच्या गेटव्हेलॉसिटीव्ह्यू या प्रोटेक्टेड मेथडमधून इंजिन घ्यावे. क्रम उलटा झाला, तर सर्व्हलेटकडे स्वतःचे कॉन्फिगरेशन पोहोचण्याआधीच तुम्ही त्याच्याकडे इंजिन मागत असता.

येथे एक बारकावा आहे आणि तो कळला नाही तर वरचा मार्ग वापरूनही गोंधळ होतो. सामाईक व्हेलॉसिटीव्ह्यू तयार नसेल, तर जो पहिला मागेल त्याच्या सेटिंगवर तो तयार होतो. सर्व्हर सुरू होताना आधी कॉन्टेक्स्टचे लिसनर (ॲप्लिकेशन सुरू होताना आपोआप बोलावले जाणारे क्लास) चालतात, मग फिल्टर सुरू होतात आणि त्यानंतर सर्व्हलेट. आता समजा, तुमच्या सेटिंगच्या फाइलचा पाथ फक्त सर्व्हलेटच्या इनिट-पॅरममध्ये (त्या सर्व्हलेटपुरत्या सेटिंगमध्ये) लिहिलेला आहे आणि तुम्ही तुमच्या लिसनरमधून सर्व्हलेटकॉन्टेक्स्ट देऊन व्हेलॉसिटीव्ह्यू मागितला. त्या क्षणी सर्व्हलेटचा पॅरामीटर कोणालाच दिसत नाही. मूळ सेटिंगवरचे इंजिन तयार होते, सामाईक म्हणून ठेवले जाते, आणि थोड्या वेळाने येणारा सर्व्हलेट तेच निमूटपणे उचलतो. परिणामी आजवर नीट चाललेली पानेच बिघडतात. यावर उपाय साधा आहे: सेटिंग सर्व्हलेटपुरती न ठेवता वेब-इन्फ फोल्डरमधल्या व्हेलॉसिटी.प्रॉपर्टीज या ठरलेल्या फाइलमध्ये ठेवावी, किंवा तिचा पाथ संपूर्ण ॲप्लिकेशनच्या कॉन्टेक्स्ट-पॅरममध्ये लिहावा. मग पहिला कोणी मागितला याने काही फरक पडत नाही. टूल्सच्या यादीसाठीही हाच नियम पाळावा आणि ती वेब-इन्फमधल्या टूल्स.एक्सएमएलमध्ये ठेवावी.

जुन्या प्रोजेक्टमध्ये आणखी एक गोष्ट तपासावी लागते. सर्व्हलेटच्या इनिट-पॅरममध्ये शेअर्ड.कॉन्फिग या शब्दांनी संपणारा पॅरामीटर ‘फॉल्स’ असा दिलेला असेल, तर तो सर्व्हलेट स्वतःचा वेगळा व्हेलॉसिटीव्ह्यू बनवतो आणि तो सर्व्हलेटकॉन्टेक्स्टमध्ये ठेवतच नाही. अशा वेळी सर्व्हलेटयूटिल्सकडून तुम्हाला मिळेल ते तिसरेच इंजिन. तो पॅरामीटर कोणी आणि का दिला याचा शोध घ्यावा. बहुतेक वेळा कारण उरलेले नसते आणि तो काढून टाकता येतो. काढता येत नसेल, तर उपवर्गातून इंजिन घेण्याचा मार्गच उरतो.

इंजिन मिळाले की ते मेलच्या क्लासपर्यंत न्यायचे कसे, याबद्दल माझे मत ठाम आहे. मेलच्या क्लासने सर्व्हलेटयूटिल्सचे नावही घेऊ नये. त्याच्या कन्स्ट्रक्टरने व्हेलॉसिटीइंजिन मागावे आणि ॲप्लिकेशन सुरू होताना लिसनरने ते द्यावे. रात्रीचे काम शेड्यूलरच्या थ्रेडवर चालते. तिथे रिक्वेस्ट नसते, सर्व्हलेट नसतो, आणि सर्व्हलेटकॉन्टेक्स्टपर्यंत पोहोचण्यासाठी मग लोक तो एखाद्या स्टॅटिक फील्डमध्ये ठेवतात. असे केले की आपण सिंगलटन टाळता टाळता स्वतःचा नवा सिंगलटन तयार केलेला असतो. कन्स्ट्रक्टरमधून इंजिन घेणाऱ्या क्लासची चाचणी सर्व्हरशिवाय, फाइल किंवा क्लासपाथवरून वाचणारे एक साधे इंजिन देऊन करता येते, हा त्याचा वेगळा फायदा. शेड्यूलर मात्र इंजिन हाती आल्यावरच सुरू करावा.

टेम्प्लेटमधून वापरायचे टूल तुम्ही लिहीत असाल, तर तिथेही इंजिन शोधत जावे लागत नाही. टूल्स २.० मध्ये टूलच्या कॉन्फिगर मेथडला जो मॅप मिळतो, त्यात व्हेलॉसिटीइंजिन याच नावाने चालू इंजिन ठेवलेले असते. सेटव्हेलॉसिटीइंजिन अशी सेटर मेथड ठेवली तरी ते आपोआप येते. टूल्समधला रेंडरटूल याच वाटेने इंजिन घेतो, आणि ते मिळाले नाही तर सिंगलटनकडे वळतो. म्हणून रेंडरटूलचा ऑब्जेक्ट हाताने बनवून कॉन्टेक्स्टमध्ये (टेम्प्लेटला मूल्ये पुरवणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) टाकला आणि इंजिन द्यायचे राहिले, तर त्याच पानाचा एक तुकडा दुसऱ्या इंजिनातून रंगतो (रेंडर होतो) आणि मॅक्रो फक्त तेवढ्या तुकड्यात चालत नाहीत. १.x मालिकेतल्या टूल्समध्ये इनिट मेथडला व्ह्यूकॉन्टेक्स्ट मिळे आणि त्यातून इंजिन घेता येई. स्वतःचे डिरेक्टिव्ह (टेम्प्लेटमधली हॅशने सुरू होणारी आज्ञा) लिहिणाऱ्यांना इनिटमध्येच रनटाइमसर्व्हिसेस हा ऑब्जेक्ट मिळतो. टेम्प्लेट वाचणे, मजकूर रंगवणे ही सर्व कामे त्यातूनच करावीत. टेम्प्लेटमधले पार्स आणि इव्हॅल्युएट हे डिरेक्टिव्ह चालू इंजिनातच चालतात, त्यांची काळजी करण्याचे कारण नाही.

इंजिन आणि कॉन्टेक्स्ट यांची गल्लतही इथे टाळायला हवी. योग्य इंजिन मिळाल्यावरही मेलमध्ये तारखेच्या जागी डॉलरचे चिन्ह आणि टूलचे नाव तसेच उमटले, तर ‘इंजिन अजून चुकीचेच आहे’ असा निष्कर्ष काढू नये. लोडर, मॅक्रो, एन्कोडिंग आणि सुरक्षा इंजिनात असतात. तारखेचे, आकड्यांचे टूल कॉन्टेक्स्टमध्ये असते. वेब पानासाठी व्हेलॉसिटीव्ह्यू प्रत्येक रिक्वेस्टला टूल्सने भरलेला कॉन्टेक्स्ट तयार करतो. तुम्ही मेलसाठी रिकामा व्हेलॉसिटीकॉन्टेक्स्ट बनवता, त्यात ती टूल्स कुठून येणार? मेलला लागणारी डेटटूल, नंबरटूल यांसारखी टूल्स स्वतः त्यात ठेवावीत. लिंकटूलसारखी, चालू रिक्वेस्टवरून पत्ता बनवणारी टूल्स रात्रीच्या कामात उपयोगी पडत नाहीत; मेलमधल्या दुव्यांसाठी साइटचा पूर्ण पत्ता सेटिंगमधून द्यावा. इंजिन एकदा सुरू झाल्यावर अनेक थ्रेडनी एकाच वेळी वापरले तरी चालते, कॉन्टेक्स्टचे तसे नाही. म्हणून प्रत्येक मेलसाठी नवा कॉन्टेक्स्ट आणि सर्वांसाठी एकच इंजिन अशी वाटणी ठेवावी.

याच्या उलट, प्रत्येक मेलसाठी नवे व्हेलॉसिटीइंजिन बनवणारा कोडही पाहण्यात येतो. तो चालतो, पण प्रत्येक वेळी मॅक्रोंची फाइल पुन्हा वाचली जाते, पार्सरचा संच पुन्हा उभा राहतो (मूळ सेटिंगमध्ये तो वीस पार्सरचा असतो) आणि टेम्प्लेटचा कॅश एकदा वापरून फेकला जातो.

दुसरे इंजिन मुद्दाम ठेवण्याचे एक योग्य कारण मी मानतो. टेम्प्लेटचा मजकूरच बाहेरच्या माणसाच्या हातात असेल, उदाहरणार्थ ग्राहक कंपनीला तिच्या मेलचा साचा स्वतः लिहू द्यायचा असेल, तर त्यासाठी वेगळे व्हेलॉसिटीइंजिन बनवावे, त्याला सिक्युअरउबरस्पेक्टर जोडावा, फाइल वाचणारा कोणताही लोडर देऊ नये आणि कॉन्टेक्स्टमध्ये फक्त साधी मूल्ये ठेवावीत. त्या इंजिनाला नाव द्यावे आणि ते कोठे तयार होते, कोण वापरते हे कोडमध्ये स्पष्ट दिसावे.

जार फाइलच्या जागेमुळे होणारा गोंधळही या प्रश्नाशी जोडलेला आहे. व्हेलॉसिटीची जार प्रत्येक ॲप्लिकेशनच्या वेब-इन्फमधल्या लिब फोल्डरमध्ये असेल, तर प्रत्येकाचा क्लासलोडर वेगळा आणि म्हणून सिंगलटनही वेगळा. तीच जार टॉमकॅटच्या सामाईक लिबमध्ये टाकली, की सर्व ॲप्लिकेशन्सचा सिंगलटन एकच होतो. तो एकदा सुरू झाला की नंतरच्या इनिटला काहीच अर्थ उरत नाही. दुसऱ्या ॲप्लिकेशनने दिलेली सेटिंग कोणतीही तक्रार न करता बाजूला पडते आणि कोणते ॲप्लिकेशन आधी सुरू झाले यावर सर्वांची पाने अवलंबून राहतात. अशा सिंगलटनमध्ये सर्व्हलेटकॉन्टेक्स्ट ठेवला असेल, तर ॲप्लिकेशन काढून टाकल्यावरही तो मेमरीत अडकून राहतो. जार दोन्हीकडे असेल, तर एकाच नावाच्या क्लासचे त्याच नावाच्या क्लासमध्ये रूपांतर होत नाही, असे चक्रावून टाकणारे क्लासकास्टएक्सेप्शन येऊ शकते. जार ॲप्लिकेशनच्याच लिबमध्ये ठेवणे सर्वांत बरे.

तुमच्याकडे स्प्रिंग हे जावाचे फ्रेमवर्क असेल, तर मार्ग वेगळा आहे. स्प्रिंगने व्हेलॉसिटीचा आधार ४.३ मध्ये कालबाह्य ठरवला आणि ५.० मध्ये काढून टाकला, पण जुन्या आवृत्त्यांवर चालणारी ॲप्लिकेशन्स आजही आहेत. तिथे व्हेलॉसिटीकॉन्फिगरर हा बीन (स्प्रिंगने सांभाळलेला ऑब्जेक्ट) इंजिन बनवतो आणि त्याच्या गेटव्हेलॉसिटीइंजिनमधून ते मिळते. अडचण बहुधा बीन कोठे लिहिला आहे यातून येते. तो डिस्पॅचरसर्व्हलेटच्या कॉन्टेक्स्टमध्ये असेल, तर मूळ कॉन्टेक्स्टमधल्या मेल सर्व्हिसला दिसत नाही, कारण अपत्य कॉन्टेक्स्टला पालक दिसतो, पालकाला अपत्य दिसत नाही. मग मेल सर्व्हिससाठी कोणीतरी मूळ कॉन्टेक्स्टमध्ये व्हेलॉसिटीइंजिनफॅक्टरीबीन लिहितो आणि पुन्हा दोन इंजिने होतात. इंजिनाचा एकच बीन मूळ कॉन्टेक्स्टमध्ये ठेवावा आणि व्हेलॉसिटीकॉन्फिगररला त्याच्या सेटव्हेलॉसिटीइंजिनमधून तोच द्यावा. स्ट्रट्स २ या वेब फ्रेमवर्कमध्ये हेच काम व्हेलॉसिटीमॅनेजरकडे असते.

फ्रीमार्कर या दुसऱ्या टेम्प्लेट इंजिनात इंजिनाची जागा कॉन्फिगरेशन हा ऑब्जेक्ट घेतो. तिथेही गेटडिफॉल्टकॉन्फिगरेशन नावाची स्टॅटिक मेथड होती आणि ती कालबाह्य ठरवली गेली. चालू टेम्प्लेटच्या आतून कॉन्फिगरेशन हवे असेल, तर चालू एन्व्हायर्नमेंटकडे मागावे.

बदल केल्यावर खात्री कशी करावी, तेही सांगतो. सर्व्हलेटच्या इनिटमध्ये आणि मेलच्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये इंजिनाचा आयडेंटिटीहॅशकोड लॉगमध्ये लिहावा. दोन्ही आकडे वेगळे आले तर इंजिने निश्चितपणे दोन आहेत. त्यासोबत गेटप्रॉपर्टी वापरून टेम्प्लेट वाचण्याचे एन्कोडिंग आणि लोडरची यादी छापावी, म्हणजे इंजिन एकच पण चुकीच्या सेटिंगवर तयार झालेले, ही शक्यताही तपासली जाते. मग कोडभर शोध घेऊन व्हेलॉसिटी या क्लासचे प्रत्येक इम्पोर्ट काढावे. ज्या फाइलमध्ये ते राहील, तिथून दुसरे इंजिन पुन्हा सुरू होऊ शकते. शेवटी एक छोटे चाचणीचे टेम्प्लेट ठेवावे: त्यात एक देवनागरी वाक्य, सामाईक फाइलमधला एक मॅक्रो आणि कोनी कंस असलेले एक मूल्य असावे. मेलच्या क्लासमधून ते रंगवल्यावर वाक्य शाबूत, मॅक्रो चाललेला आणि कोनी कंस निष्प्रभ झालेले मिळाले, तरच ती चाचणी उत्तीर्ण धरावी, आणि ती प्रत्येक बिल्डमध्ये चालवावी.